आशू, आंबेमोहर आणि मुक्कामाची गाडी

आमच्या घरात प्रवासाचा एक कायदा आहे. एसटीत बसलं की पाटीवर जे गाव लिहिलंय तिथंच उतरायचं, अध्येमध्ये नाही. हा कायदा माझ्या मुलीचा, आशूचा आहे. तो मोडला तर काय होतं हे कऱ्हाडच्या स्टँडवर एकदा शे-दीडशे लोकांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे मिरजेहून पुण्याच्या गाडीत बसून कापूरहोळला उतरायचं आणि तिथून भोर गाठायचं, हा शहाण्या माणसांचा रस्ता आम्हाला बंद. आम्ही मिरज ते सातारा आणि सातारा ते भोर अशा दोन पुऱ्या गाड्या केल्या. वेळ पुष्कळ गेला, पण दोन्ही ठिकाणी उतरताना आशू समाधानाने मान हलवत होती.

आशूचं वय सत्तावीस. ती स्वमग्न आहे, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत तिला ऑटिझम आहे. दिवसाला दहा-बारा शब्द बोलते, तेही गरज पडली तर. अंगाला कोणी हात लावलेला चालत नाही, कर्कश आवाज सोसत नाहीत, पाणी तिच्याच स्टीलच्या पेल्यातून लागतं. उलट तांदळातला खडा, डबाभर बटणांतलं एक वेगळं बटण, वर्तमानपत्रातली सुटलेली वेलांटी तिला लांबूनच दिसते. मी पस्तीस वर्षं पोस्टात पत्ते वाचले, माझीही नजर वाईट नाही. पण तिच्यापुढे मी आंधळीच म्हणायची.

तांबड्या गाडीत बसून आम्ही भोरला का निघालो, तेही सांगून टाकते. माझ्या गर्भाशयात गाठ आहे. ऑपरेशन करायला हवं, आठ दिवस दवाखान्यात राहायला हवं आणि पुढे महिनाभर वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगून वर्ष होत आलं. तीनदा तारीख घेतली आणि तीनदा मीच रद्द केली. आशूचे बाबा जाऊन पाच वर्षं झाली. माझ्या भावाने एकदा तिला हौसेने ठेवून घेतलं होतं, तर तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, 'ताई, तू येतेस की मी आणून सोडू?' त्याचा दोष नाही. पण गाठ काही थांबून राहत नव्हती, आणि आशू सत्तावीस वर्षांत माझ्यावाचून एक दिवसही नीट राहिलेली नव्हती.

अशात भोरहून बोलावणं आलं. तिथल्या एका संस्थेने स्वमग्न मुलांच्या कलागुणांचा गौरव सोहळा ठेवला होता. आशूने शिवलेल्या गोधडीचा फोटो कोणीतरी त्यांना पाठवला होता. संस्थेचं वसतिगृहही आहे असं कळलं, आणि मी लगेच होकार दिला. गौरव वगैरे ठीक होता, पण माझा डोळा वसतिगृहावर होता.

भोर

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी होता, म्हणून सकाळी रिक्षा करून आंबवड्याला गेलो. रिक्षाला पाटी नसते, त्यामुळे तिला कायदा लागू होत नाही. तिथे भोरच्या संस्थानिकांच्या काळातला झुलता पूल आहे आणि पलीकडे झाडीत महादेवाचं देऊळ. पूल हलतो म्हटल्यावर आशूने त्यावर पाय ठेवला नाही. मीही आग्रह केला नाही. ओढ्याच्या काठी दगडावर तासभर बसलो. आमच्याकडे कृष्णाकाठ म्हणजे सपाट आणि ऐसपैस. इथे पाणी दगडांतून वाट काढत जातं आणि त्याचा आवाज एकसारखा येतो. आशूला तो आवडला. तिने पायातल्या चपला काढून जोडीने ठेवल्या. ही तिची खूश असल्याची खूण. मला वाटलं, चला, दिवस चांगला जाणार.

मी संस्थेला फोनवर तीनदा सांगितलं होतं, माईक लांब ठेवा, तिला हात लावू नका, टाळ्या वाजवू नका. तिन्ही वेळा उत्तर आलं होतं, "अहो, काळजीच करू नका!" आमच्याकडे या वाक्यानंतर काळजी करावी लागते, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

सभागृहात मोठा फ्लेक्स, स्टेजवर पाहुण्यांच्या खुर्च्या, टेबलावर शाली आणि नारळांची रास, आणि कोपऱ्यात फेटे बांधणारा माणूस. आपल्याकडे माणसाचा सन्मान करायचा म्हणजे त्याच्या अंगाला हात लावायचाच. खांद्यावर शाल टाकायची, डोक्याला फेटा आवळायचा, हातात नारळ कोंबायचा, दंडाला धरून कॅमेऱ्याकडे वळवायचं. शाल खरखरीत, फेटा घट्ट, आणि वर कानठळ्या बसवणारा माईक. आशूला छळायचं ठरवून कोणी यादी केली असती तर हीच केली असती. आणि तरी, खरं सांगायचं तर, मी थांबवलं नाही. फेटेवाला पुढे आला तेव्हा मी 'नको' म्हणू शकले असते. पण सत्तावीस वर्षांत माझ्या पोरीला कोणी स्टेजवर बोलावलं नव्हतं. तिचा फेटा बांधलेला एक फोटो मला हवा होता. ही माझी चूक आहे आणि ती मी कुणावर ढकलणार नाही.

फेट्याचा दुसरा वेढा बसला, निवेदकाने 'टाळ्यांचा कडकडाट होऊ द्या' म्हटलं, माईक शिट्टीसारखा वाजला, आणि आशू किंचाळली. फेटा ओरबाडून काढला, स्वतःच्या मनगटाला कडकडून चावली आणि स्टेजच्या पायरीवर खाली बसून पुढे-मागे हलू लागली. नारळ गडगडत जाऊन प्रमुख पाहुण्यांच्या बुटाशी थांबला. टाळ्या एकदम बंद झाल्या. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले आणि हळू आवाजात आकडे म्हणत राहिले. ते तिला ऐकायला लागतात. ऐंशीच्या पुढे कुठेतरी ती शांत झाली.

वसतिगृह चालवणाऱ्या बाई नंतर बाजूला आल्या. चांगल्या घरच्या, मऊ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "तुमची मुलगी फार गुणी आहे हो. ती गोधडी पाहून तर आम्ही थक्क झालो. पण आमच्याकडे ठेवायचं म्हणजे... आम्ही जरा शांत मुलंच घेतो."

मी म्हटलं, "म्हणजे गुण चालतात, मुलगी चालत नाही."

मी तेव्हा फार कडू झाले होते. आता वाटतं, त्यांच्याकडे दोनच सेविका होत्या आणि त्या खोटं बोलल्या नाहीत, एवढं तरी मान्य करायला हवं.

मुक्कामाची गाडी

स्टँडवर पोचलो तेव्हा मला साताऱ्याची गाडी शोधायची होती. आशू थांबली नाही. फलाटावर एक गाडी उभी होती, तिच्यात जवळजवळ कोणी नव्हतं, आवाज नव्हता. ती सरळ चढली आणि ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीला बसली. मी पिशव्या सांभाळत मागे चढेपर्यंत गाडी हलली होती. मग मी पाटी विचारली. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातलं एक गाव. त्या तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण पाटीवर आणि लोकांच्या तोंडी वेल्हेच.

"पुढच्या थांब्यावर उतरवता का?" मी कंडक्टरला विचारलं आणि मागे आशूकडे पाहिलं. मनगटावर दातांचे वण तांबडेलाल. "राहू दे," मी म्हटलं, "शेवटच्या गावची दोन द्या."

"मावशी, ही मुक्कामाची गाडी हाय बरं का," कंडक्टर म्हणाला. "आज परत येत न्हाई. आमी तितंच ऱ्हातो, उद्या सव्वासहाला निघतो. तुमचं कोण हाय का वर?"

"कोणी नाही."

त्याने आशूकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा, आणि दोन तिकिटं फाडली. "बघू. भागाबाईकडं सोय हुईल," म्हणाला.

नसरापूर सोडल्यावर रस्ता डोंगराकडे वळला. दोन्ही बाजूंना पायऱ्या पायऱ्यांची भातखाचरं, पिवळट हिरवी, आणि समोर तोरणा ढगात अर्धा बुडालेला. आमच्याकडे ऊस असा उभा असतो की पलीकडचं काही दिसत नाही. इथे सगळं उघडं. आशू काचेला नाक लावून बघत होती. मी मात्र मनातल्या मनात पोरीला, गाडीला आणि नशिबाला शिव्या देत होते. पिशवीत एक-एक जोडी कपडे, गोळ्या दोन दिवसांच्या, आणि वर फोनची रेंजही गेली.

शेवटच्या थांब्यावर उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. पंचवीसेक घरं असतील. कंडक्टरने आम्हाला एका कौलारू घरापाशी नेलं आणि हाक मारली, "भागाबाई, पावणं आणलंय."

भागाबाई सत्तरीच्या. बारीक, काळ्या, काष्ट्याचं लुगडं, हातात विळा. त्यांनी कुठून आलात, कशाला आलात, काही विचारलं नाही. आशूकडे बघून एकच विचारलं, "हात लावल्यालं चालत न्हाई न्हवं?"

मी चकितच झाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

जेवायला तांदळाची भाकरी, काळ्या घेवड्याची आमटी आणि कच्चा कांदा. आमच्याकडे पाहुण्याला तीन-तीनदा 'घ्या की, लाजू नका' म्हणायची रीत आहे. इथे भागाबाईंनी आशूचं ताट भिंतीकडे तोंड करून मांडलं, तिचा पेला शेजारी ठेवला आणि पाठ फिरवली. सून सविता चुलीपाशी होती, तीही बघेना. आशू परक्या घरात दोन भाकरी जेवली. ज्वारीवर वाढलेली पोरगी, तांदळाची भाकरी तिने कधी तोंडात घेतली नव्हती.

खाचरात

सकाळी जाग आली ती कंडक्टरच्या हाकेने. "मावशी, धा मिनटात सुटतीय गाडी!" शेजारी आशू नव्हती.

मी अनवाणीच बाहेर धावले. घराच्या खालच्या अंगाला खाचर होतं, कापणीला आठ-दहा दिवसांवर आलेलं, लोंब्या झुकलेल्या. आशू त्यात कंबरेएवढ्या भातात उभी होती आणि लोंब्या खुडत होती. एक खुडायची, दोन पावलं जायची, दुसरी खुडायची. बांधावर खुडलेल्या लोंब्यांची जुडी पडलेली. लोकांनी जेवू घातलं, झोपायला जागा दिली, आणि माझी पोरगी त्यांचं उभं पीक ओरबाडतेय! मी खाचरात उतरले, चिखलात रुतले, आणि जे कधीच करू नये ते केलं. तिचा दंड धरला. ती ओरडली. वर गाडीचा हॉर्न वाजला तशी आणखी ओरडली.

"तिला हात लावू नगा!" मागून भागाबाई. मग वळून गाडीच्या दिशेने, "ए, वाजवू नगंस ते! जा तू तुझा!"

मी तोंडाला येईल ती माफी मागत होते. भागाबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी बांधावरची जुडी उचलली आणि एकेक लोंबी डोळ्यांजवळ नेऊन बघू लागल्या. बऱ्याच वेळाने मला हाक मारली.

"ताई, हिकडं या. ही बघा, हिला कुसळ हाय. ही तांबूस. ही बोटभर उंच, दाणा जाडा." त्या खाली बसल्या. "आवो, ह्यात आंबेमोहराची एक बी लोंबी न्हाई. सगळी भेसळ काढलीया तिनं."

मला अर्थ लागायला वेळ लागला. त्यांनीच सांगितलं. हे खाचर बियाण्याचं. आंबेमोहराचं बी घरचंच धरायचं, तर कापणीच्या आधी त्यातली परकी झाडं निवडून काढावी लागतात. नाहीतर दरसाल थोडी थोडी भेसळ वाढते आणि मग भात शिजला तरी शेजाऱ्याला वास जात नाही. हे काम सगळ्यांना जमत नाही. सगळं भात हिरवं-पिवळं असताना त्यातलं एक वेगळं दिसायला डोळा तसा लागतो.

"आमच्या घरात त्यो डोळा वन्संना हुता," भागाबाई म्हणाल्या.

गाडी गेली होती. दुसरी उद्याच. मी बांधावर त्यांच्या शेजारी बसले. आशू पुन्हा कामाला लागली होती, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

वन्सं म्हणजे भागाबाईंची नणंद, ठकू. लग्न होऊन भागाबाई या घरात आल्या तेव्हा ठकूवन्सं विशीतल्या. बोलायच्या नाहीत. कोणी अंगाशी आलं की भिंतीला डोकं आपटायच्या. गाव येडी ठकू म्हणायचं. पण सूप पुढे ठेवलं की दिवसभर निवडत बसायच्या आणि कापणीच्या आधी कोणी न सांगता बियाण्याच्या खाचरात उतरायच्या. पंचवीस-तीस वर्षं या घरचं बी आसपासच्या गावांत जात होतं.

"तालुक्याला बलावलं हुतं एकदा," भागाबाई म्हणाल्या. "चांगलं बियाणं म्हनून सत्कार. आमचं मालक गेलं. शाल आनली, नारळ आनला. ती साहेबमंडळी नंतर घरी बी आली भात बघाया. तवा वन्संना गोठ्यात कोंडलं आमी. म्याच कडी लावली. पावन्यांम्होरं वरडायला नगं म्हनून." त्या हातातल्या लोंबीची कुसळं मोडत राहिल्या. "आतनं धक्कं देत हुत्या दाराला. साहेब इचारत्यात, कसला आवाज? मालक म्हनलं, म्हस हाय."

मी आदल्या दिवशीचा फेटा सांगितला. मी स्वतः उभी राहून तो बांधू दिला, हेही सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. दोघींना एकमेकींची समजूत घालता आली नाही, आणि घालू नये असंच वाटलं.

"ती शाल कुणी वापरली न्हाई," त्या म्हणाल्या. "वन्सं गेल्या तवा त्येंच्यावर घातली. सात सालं झाली. तवापास्नं भातात भेसळ वाढत चाललीया. सविताला लई शिकवलं, तिला न्हाई दिसत. मलाबी दिसत न्हाई."

मग त्यांनी विचारलं, "हिला काय म्हनत्यात डाक्टर?"

"स्वमग्न."

"म्हंजी?"

"म्हणजे स्वतःतच गुंतलेली."

भागाबाईंनी आशूकडे बघितलं. ती एका लोंबीपाशी थांबली होती, वाकून बघत होती, पुन्हा बघत होती. मग तिने ती सोडून दिली आणि पुढे गेली.

"सोताच्यात कुठं हाय ती?" भागाबाई म्हणाल्या. "ती भातात हाय की."

वीस वर्षं मी हा शब्द फॉर्मवर लिहीत आले, आणि प्रत्येक वेळी तो मला खुपत आला. का खुपतो ते त्या दिवशी कळलं. शब्द बनवणारा माणूस नक्कीच शहाणा असणार. पण तो कधी आशूच्या शेजारी बांधावर बसला नसावा.

दुपारपर्यंत तिने अर्धं खाचर संपवलं. मी मध्येच जाऊन मुद्दाम एक उंच लोंबी दाखवली, 'ही राहिली बघ.' तिने ती हातात धरली, दाणे पाहिले, आणि म्हणाली, "तीच आहे. उंच आहे फक्त." त्या दिवसातलं ते तिचं सगळ्यात मोठं वाक्य. भागाबाईंनी दाणा दाताखाली फोडून पाहिला. आंबेमोहरच होता.

संध्याकाळी हात धुताना भागाबाईंनी विषय काढला. आणखी दोन खाचरं होती, मग कापणी, झोडणी, मग बी निवडणं. "सोडता का हिला हितं म्हैनाभर? भाताचा वाटा तिचा तिला दिईन. वन्संला दिला न्हाई कवा."

मी सरळ 'नाही' म्हटलं. ज्यांना कालपर्यंत ओळखत नव्हते त्यांच्या घरी पोरगी सोडायची? रात्री दचकून उठली तर? गोळी कोण देईल? ताप आला तर इथे दवाखाना कुठे? भागाबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बराबर हाय तुमचं. म्याबी सोडली नसती." मग माझ्याकडे निरखून बघत, "पर तुमचं तोंड लई पांढरं पडलंय, ताई. तुमाला काय हुतंय?"

मी गाठीचं सांगितलं. कुणालाच नीट सांगितलं नव्हतं, भावालाही नाही. सांगताना रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

सविता आतापर्यंत गप्प होती. ती सासूला म्हणाली, "आत्या, येकदम म्हैना कशाला?" मग माझ्याकडे वळून, "उद्या दिसभर जाऊन या तुमी वेल्ह्याला. सकाळच्या गाडीनं जा, सांजच्या गाडीनं या. बघू तरी."

वेल्हे

सव्वासहाच्या गाडीत मी एकटी बसले. आशूला मी आदल्या रात्री सांगितलं होतं आणि सकाळी पुन्हा सांगितलं होतं, 'आई वेल्ह्याला जाईल, संध्याकाळच्या गाडीने येईल.' ती ऐकून न ऐकल्यासारखी करून खाचरात उतरली होती. कंडक्टरने हॉर्न न वाजवता गाडी काढली. मी मागच्या काचेतून बघत राहिले. वळण आलं आणि भात दिसेनासं झालं.

त्या दिवसाचं प्रवासवर्णन काय करायचं? वेल्ह्याला तोरणा अगदी डोक्यावर येतो. गड चढायला आलेली तरुण मंडळी हॉटेलात मिसळ खात होती, फोटो काढत होती. मी चहा घेतला, तो तसाच ठेवला. देवळात बसले. आशूच्या संपत आलेल्या गोळ्या घेतल्या, बाजारात उगाच एक खुरपं आणि तिच्या मनगटाला लावायला हळदीची पुडी घेतली. तास म्हणून सरेना. एक बाई शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "कुनाची वाट बघताय?" मी म्हटलं, "गाडीची." ती म्हणाली, "गाडीला लई येळ हाय की!" मला ते माहीत होतं. माझे दोन्ही हात रिकामे होते. पिशवी होती, पण तिच्यात आशूचा पेला नव्हता. सत्तावीस वर्षांची सवय, हात सारखा पेला चाचपायला जात होता. मला वाईट तेव्हा वाटलं जेव्हा लक्षात आलं की मी दोन तास देवळाच्या पायरीवर झोपले होते. एवढी गाढ झोप वर्षानुवर्षं लागली नव्हती.

संध्याकाळी गाडी चढ चढत असताना मी मनात सगळ्या वाईट प्रकारांची उजळणी केली. पडली असेल. पळाली असेल. कोंडली असेल, या विचाराने तर जीव अर्धा झाला. थांब्यावर उतरून मी जवळजवळ धावतच घरी गेले.

आशू पडवीत सूप घेऊन बसली होती. भिंतीकडे तोंड, बाजूला पेला, चपला जोडीने काढून ठेवलेल्या. गोठ्याचं दार सताड उघडं होतं. भागाबाई समोर बसून विळ्याला धार लावत होत्या, अंतर राखून.

"दुपारी येकदा इचारलं तिनं," त्या म्हणाल्या. "'आई संध्याकाळी?' म्या म्हनलं, व्हय. मंग जेवली. मदी येकदा वरडली, कुत्रं भुकलं तवा. आमी गप ऱ्हायलो. थांबली आपोआप."

मी आशूजवळ, हातभर अंतरावर जाऊन बसले. तिने मान वर केली नाही. सुपातले दाणे पुढे सरकवत राहिली. मी म्हटलं, "आशू, आई आली."

"आली," ती म्हणाली.

"बरं वाटलं का दिवसभर?"

या प्रश्नाचं उत्तर ती कधीच देत नाही, तेव्हाही दिलं नाही. सुपातला एक दाणा उचलून बाजूला ठेवला. मग आणखी एक. मी उठायला लागले, तेव्हा ती सुपाकडे बघतच म्हणाली, "आई, उद्या पण जा."

सविता खुदकन हसली आणि मग माझ्याकडे बघून गप्प झाली. मला लागलं, ते लपवत नाही. जिच्यासाठी मी तीन तारखा रद्द केल्या, ती मला जा म्हणत होती. आत जाऊन मी तांब्याभर पाणी प्यायले. चुलीपाशी उभी राहिले. आणि हळूहळू छातीवरून काहीतरी उतरत गेलं, इतकी वर्षं जे होतं हेही कळलं नव्हतं ते.

रात्री मी आशूच्या गोळ्या सविताला समजावून दिल्या आणि दुसऱ्या दिवशीही सव्वासहाच्या गाडीने गेले. वेल्ह्याच्या स्टँडवर रेंज आली तसा मिरजेच्या दवाखान्यात फोन लावला. फोनवरच्या मुलीने माझं नाव ओळखलं. तीनदा रद्द करणाऱ्या बाईचं नाव कोण विसरेल? पुढच्या सोमवारची तारीख मिळाली. तिने सोबत कोण असणार ते विचारलं. मी भावाचं नाव सांगितलं, पुढचा फोन त्यालाच करायचा ठरवून.

"आणि मुलीचं काय मॅडम?" ती अडखळत म्हणाली. "गेल्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, तिच्याजवळ कोणी नाही, तिला घेऊनच यावं लागेल. मग आता तिला आणणार का?"

"नाही," मी म्हटलं. "मुलगी कामावर आहे."